मालननं धरलेलं मौन

घोडपदेवच्या त्या जुन्या चाळीत मालनचा आवाज आधी यायचा आणि मालन मागून. नळावर असो, गच्चीत पापड वाळत घालताना असो, नाहीतर वाण्याच्या फळीपाशी. नवरा राजाराम गिरणीत साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात होता. तो म्हणायचा, "दिवसभर थंयचो साचो ऐकूचो आणि घरी इलंय की ह्यो." म्हणायचा खरं, पण ती माहेरी गेली की दोन दिवसांत पत्र टाकायचा, घर खायला उठतं म्हणून.

देवानं तिला दुसरं काही फारसं दिलं नव्हतं. रूप बेताचं, शिक्षण कणकवलीकडच्या गावात चौथीपर्यंतचं. पण वाचा दिली होती. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लागला की मजल्यावरच्या बायका पोरंबाळं घेऊन मालनच्याच खोलीत जमायच्या. पोथी सगळ्यांकडे होती. पण पोथी वाचणं वेगळं आणि मालननं कहाणी सांगणं वेगळं. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला 'हुं' म्हणायचं, हा तिचा कायदा. हुंकार थांबला की ती थांबायची. "ऐकणारो नाय तर देव खंयसून येतलो?" असं म्हणायची. तिच्या लहानग्या मुलाच्या, मयूरच्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या व्हायच्या, पण हुंकार चुकायचा नाही.

गिरणी बंद झाली तेव्हा दरवाजावर कागद लागला, तो इंग्रजीत. जन्मभर मराठीत घाम गाळलेल्या माणसांना 'घरी जा' हे सांगायला इंग्रजी. राजाराम त्या कागदासमोर टोपी काढून उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा. वाचून सांगणारा कुणी भेटेपर्यंत तो तिथंच उभा होता. घरी येऊन एवढंच म्हणाला, "आपल्याक काढल्यानी ता पण आपल्याक कळूचा नाय."

तो पुढं फार जगला नाही. मालननं खोलीतच खानावळ काढली, गावाकडच्या एकट्या पुरुषांना जेवू घातलं आणि मनाशी गाठ मारली, की पोराला ती भाषा आलीच पाहिजे. मयूर पालिकेच्या मराठी शाळेत शिकला, पण इंग्रजीची शिकवणी तिनं कधी चुकवू दिली नाही. त्याला इंग्रजी वाचता यायला लागलं, लिहिता यायला लागलं. तोंडातून मात्र ते कधी धड बाहेर पडलं नाही. लोअर परळला एका काचेच्या इमारतीत त्याला नोकरी लागली, तेव्हा मालननं सगळ्या चाळीला साखर वाटली. तो तिथं बैठकीत मान खाली घालून बसतो, हे तिला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मग चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला. चाळकऱ्यांना वरच्या मजल्यांवर घरं मिळाली, संडास घरात आला, आणि दारं बंद झाली. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर भेटलं. मालनच्या बोलण्याला आता भिंतीच उरल्या. मजल्यावर बोलण्याजोगी एकच, समोरची कांता. ती पालिकेच्या इस्पितळात आया होती, आता निवृत्त. तिच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती, हिच्याकडे देव्हारा आणि वेतोबा. जुन्या चाळीत दोघींच्या खोल्या एकाच जिन्याला लागून होत्या. भांडणं तिथलीच आणि प्रेमही तिथलंच.

मालनचं सुदैव म्हणा, नात झाली. सुनेनं, श्रेयानं, हौसेनं नाव ठेवलं ओवी. श्रेया आणि मयूर दोघं नोकरीला, त्यामुळे पोर दिवसभर आजीच्या मांडीवर. मालनच्या तोंडचं सगळं मालवणी त्या पोरीच्या तोंडात उतरलं. दोन वर्षांची असताना ती कांताच्या दारात उभी राहून कमरेवर हात ठेवून विचारायची, "कांता, काय गो रांदलंस?" कांता हसून लोळायची. "मालन, ही तर तुझी सासू जन्माला आली!"

गेल्या वर्षीच्या श्रावणात ओवीनं पहिल्यांदा मुठीत अक्षता धरल्या. कहाणी कळण्याचं वय नव्हतं, पण हुंकार मात्र अगदी वेळेवर. 

यंदा जूनमध्ये ओवी प्लेग्रुपला जायला लागली आणि महिन्याच्या आत तिथल्या मिसनं आईवडिलांना बोलावून घेतलं. संध्याकाळी दोघं तोंडं पाडून आली. श्रेया स्वयंपाकघरात कारण नसताना डबे पुसत राहिली. मयूर आईजवळ जमिनीवर बसला. तो जमिनीवर बसला की काहीतरी मागायचं असतं, हे मालनला त्याच्या लहानपणापासून ठाऊक.

"आई, ऐक ना. ओवी तिथं काहीच बोलत नाही. मिस विचारते, व्हॉट्स धिस, तर ही म्हणते, माजर. मुलं हसतात."

"माजर नाय तर काय म्हणतला? माजरच ता."

"दिवाळीच्या आधी मोठ्या शाळेचं इंटरॅक्शन आहे, आई. मुलाखत म्हणत नाहीत आता, पण तेच ते. मिस म्हणाली, घरात एकच भाषा ठेवा. मुलाच्या कानावर दुसरं काही पडता कामा नये." तो थांबला. "आम्ही दोघं इंग्रजी बोलू, जसं येतं तसं. पण दिवसभर ती तुझ्याकडे असते."

मालनला कळलं. तरी तिनं विचारलं, कारण काही गोष्टी पोटच्या पोराच्या तोंडून ऐकल्याशिवाय खऱ्या वाटत नाहीत. "म्हणजे मी काय करूचा?"

"थोडे दिवस तिच्याशी बोलू नको."

स्वयंपाकघरातला डबा वाजायचा थांबला.

"आई, मला वाईट वाटत नाही असं समजू नको," मयूर म्हणाला. "मीटिंगमध्ये मला सगळं येत असतं गो. उत्तर माझ्याकडे असतं. पण तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो, आणि कालचा पोरगा माझंच उत्तर इंग्रजीत सांगून शाबासकी घेऊन जातो. मी तिथं रोज मौन पाळतो. माझं बारमाही आहे. तिचं तसं व्हायला नको."

मालनच्या डोळ्यांसमोर गिरणीच्या दरवाजावरचा कागद आला, आणि टोपी काढून उभा असलेला राजाराम. ती भांडली असती तर जिंकली असती. तिच्यापुढं आजवर कोण टिकलं होतं? पण तो कागद आडवा आला.

दोनच दिवसांवर आषाढी एकादशी होती. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी गादी सोडतं, कुणी जेवताना मौन धरतं. मालननं एकादशीला सकाळी अंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर बसली, पळीनं हातावरून पाणी सोडलं आणि कार्तिकी एकादशीपर्यंत अखंड मौनाचा संकल्प केला. पोरानं आजीला गप्प केलं, असं म्हणवून घेण्यापेक्षा देवासाठी आजी गप्प झाली म्हणवून घेणं बरं. घराची लाज घरात राहील, असा तिचा हिशोब. हिशोबात एक चूक होती. पोराला दिलेला शब्द मागं घेता येतो, देवापुढं सोडलेलं पाणी मागं घेता येत नाही.

कांताला मात्र ती फसवू शकली नाही. बातमी कळताच ती दारात येऊन उभी राहिली.

"तू आणि मौन? अगं, तुझ्या डोहाळजेवणात तू ओटी भरणाऱ्या बाईला बोलू दिलं नव्हतंस! खरं सांग, देवासाठी धरलंस का मयूरनं कुलूप घातलं?"

मालननं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.

"देवाच्या नावावर बिल फाडू नको." कांता आत येऊन बसली. आवाज तिनं खाली आणला, पण धार तीच. "माझ्या पोराला, राजरत्नला इंग्रजी आलं म्हणून तो माणसांत बसला, हे मी नाकारत नाही. तुझ्या मराठीनं आम्हाला कुठं पाट मांडून बसवलं होतं? साहेबाची भाषा आली तेव्हा निदान जात विचारायच्या आधी लोक नाव विचारायला लागले. पण तो शिकला म्हणून मी माझी जीभ नाय कापून दिली. तो फोनवर काय ते फाडफाड बोलायचा आणि मी मागून ओरडायची, मेल्या, भाकरी थंड झाली!"

मालन हसली. मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं. कांता उठून गेली. तिला रडणारी मालन कधीच बघवत नसे.

त्यानंतरचे महिने मालननं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची, दूधवाल्याला मानेनं सांगायची. नामस्मरण ओठ मिटून. सगळ्यांत अवघड गेलं ते ओवीचं. पहिले काही दिवस पोर तिच्या हनुवटीला धरून तोंड उघडायला बघायची. "आजी, बोल मा. आजी, तुका काय झाला?" मालन तिला जवळ घ्यायची, पाठीवर थोपटायची. पोर वैतागून तिच्या मांडीवर चापट मारायची. संध्याकाळी श्रेया येऊन सांगायची, "ओवी, आजी इज प्रेइंग. गॉड सेड नो टॉकिंग." सांगताना ती सासूकडे बघत नसे. वाईट नव्हती ती पोरगी. बाजारातून येताना सासूसाठी न चुकता सोनचाफा आणायची आणि काही न बोलता देव्हाऱ्यापाशी ठेवायची.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. जिवतीचा कागद भिंतीवर लागला. मालननं पुरणाचा दिवा केला, ओवीला पाटावर बसवून ओवाळलं. ओवीनं आपण होऊन वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या, आजीसमोर मांडी घातली आणि म्हणाली, "हुं."

मालन गप्प.

"हुं," ओवी पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. आजीला कळलं नसेल म्हणून.

मालननं पोथी उघडली आणि कहाणी मनातल्या मनात वाचली. ओठसुद्धा हलू दिले नाहीत. ओवी बराच वेळ बसली. मग तिनं एकेक अक्षता चिमटीनं परत वाटीत टाकली, उठली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. त्यानंतरच्या शुक्रवारी ती पाटावरून लगेच उठली. अक्षता मागितल्या नाहीत.

पावसाळा सरता सरता ओवी 'कॅट' म्हणायला लागली, 'वॉशरूम' म्हणायला लागली, 'आय डोन्ट लाइक इट' म्हणून भेंडीची भाजी ढकलायला लागली. मयूर आणि श्रेया एकमेकांशी घाबरत घाबरत, शब्द शोधत इंग्रजी बोलायची. त्या घरात आता भांडणसुद्धा होत नसे. चिडण्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.

इंटरॅक्शनच्या दिवशी ओवी आजीचं बोट सोडेना, म्हणून मालनला बरोबर न्यावं लागलं. दादरच्या बाजूची मोठी नावाजलेली शाळा. फाटकापाशी मयूर म्हणाला, "आई, तू इथं व्हरांड्यात बाकावर बस." मालन बसली. पदर नीट घेतला, हातात जपमाळ.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आधी ओवी बाहेर आली, हातात फुगा. मागून मयूर, श्रेया, आणि त्यांना पोचवायला स्वतः मुख्य मॅडम. वय झालेली बाई, केस पांढरे, साडी कॉटनची, कडक. तिची नजर मालनकडे गेली आणि चेहरा एकदम उजळला.

"तुम्ही ओवीच्या आजी ना?" मॅडमनी विचारलं, अगदी स्वच्छ, मऊ मराठीत. "फार गोड आहे तुमची नात. सारखं तुमचंच नाव. कुठल्या तुम्ही? आडनावावरून तळकोकणातल्या वाटता. माझं आजोळ कुडाळचं. किती वर्षांत ती भाषा कानावर नाही पडली हो!"

ज्या भाषेला दाराबाहेर बसवायला आपलं तोंड शिवलं, तीच भाषा आत राणीच्या थाटात बसली आहे, आणि या मॅडमना कुणी 'घरात एकच भाषा ठेवा' म्हणून सांगत नाही. मालनच्या पोटातून शब्द उसळून घशापर्यंत आले. पण हातावरून पाणी सोडलेलं. तिनं हात जोडले, मान लववली.

मॅडम थांबल्या. "बोलत नाहीत का?"

आता मयूरनं मौनव्रत म्हणून सांगितलं असतं तर? मराठीतच तर विचारलं होतं त्या बाईनं. पण शाळेच्या भिंतींच्या आत मराठी तोंडातून काढायची त्याची हिंमत झाली नाही, आणि मौनव्रताला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला त्या क्षणी सुचेना. चातुर्मास, संकल्प हे सगळं सांगत बसलं तर आपण कसल्या घरातले वाटू, ही भीती वेगळीच. घाम फुटला. आणि तोंडातून गेलं, "शी कान्ट स्पीक, मॅम."

"ओह," मॅडम म्हणाल्या. "बाय बर्थ?"

मयूरनं मान डोलावली.

मालनला इंग्रजी येत नव्हतं. पण तीन महिने घरात तेच ऐकून 'कान्ट' आणि 'स्पीक' तिला कळण्याइतके कळले होते. मॅडमनी पुढं होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत दया आणून. मालनला आयुष्यात एवढ्या मायेनं कुणी थप्पड मारली नव्हती.

परत येताना टॅक्सीत मालन जपमाळेचे मणी ओढत राहिली.

दिवाळी उजाडायच्या आत शाळेचा निरोप आला. प्रवेश मिळाला. मयूरनं पेढे आणले, आईच्या पाया पडला. "आई, झालं गो! आता बोल. सोड ते मौन."

मालननं भिंतीवरच्या पंचांगात कार्तिकी एकादशीवर बोट ठेवलं.

"अगं, पण ज्याच्यासाठी धरलंस ते झालं ना?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. देवाला मध्ये घेतलं होतं. आता देवाचं देवाला दिल्याशिवाय सुटका नाही. मयूरनं आणखी एकदा विनवलं नाही. त्याला थोडं बरंच वाटलं असावं, असं मालनला दिसलं, आणि ते तिनं मनात ठेवलं.

कार्तिकीला उद्यापन. मौनव्रताला घंटा दान करायची असते. मालननं पितळी घंटा घेतली, देवळात गुरवाच्या हातात दिली. गुरवानं ती टांगली, एकदा वाजवून बघितली आणि म्हणाला, "आवाज चांगलो हा." मालननं देवाच्या पायाशी डोकं टेकलं. पहिला शब्द तिनं देवळात काढला नाही. तो घरी न्यायचा होता.

घरी श्रेयानं दारात रांगोळी काढली होती. मालन देव्हाऱ्यासमोर बसली. श्रावणातली राहिलेली कहाणी आज सांगायची असं तिनं ठरवलं होतं. वाटीत अक्षता घेतल्या आणि घसा खाकरला. आवाज निघेल की नाही, याचीच तिला धाकधूक. निघाला. खरखरीत, पण निघाला.

"ओवी, माझ्या बाय, हंय ये."

ओवी धावत आली. पण मांडीवर बसायच्या ऐवजी तिनं दोन्ही हात आजीच्या तोंडावर दाबून धरले. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि आजीच्या कानाशी लागून कुजबुजली, "आजी, बोलू नको. मॅडम माका शाळेत घेवची नाय."

म्हणजे भाषा गेली नव्हती. चार महिने पोरीनं ती जिवंत ठेवली होती, चोरीच्या मालासारखी, लपवून.

मालननं ते चिमुकले हात हळूच काढले आणि मयूरकडे बघितलं. मयूर जमिनीकडे बघत होता.

"मीच सांगितलं तिला," तो म्हणाला. "आजी बोलते, असं शाळेत बोलून जाईल म्हणून. आई, फक्त जूनपर्यंत. एकदा शाळा सुरू झाली की… आणि तू तिला सोडायला जाशील तेव्हा तिथं जरा… म्हणजे मी मॅडमना तसं बोलून बसलोय ना."

"देवाचा मौन सरला," मालन म्हणाली. "तुझा कधी सरतला?"

श्रेया रडायला लागली. मयूर पुढं सरकला, आईसमोर मांडी घातली, वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. काचेच्या इमारतीतला, टाय लावणारा तो गडी पुन्हा सहा वर्षांचा होऊन बसला. "सांग आई. मी ऐकतो. मी हुं म्हणतो."

मालन त्याच्या मुठीकडे बघत राहिली. मग तिनं त्याची मूठ उघडली, तांदूळ एकेक करून परत वाटीत घेतले.

"तुका सगळ्यो कहाण्यो सांगून झाल्यो रे," ती म्हणाली. "तुझ्या हुंकारार माझो इस्वास होतो, आता नाय."

वाटी घेऊन ती उठली आणि समोरच्या दारात गेली. बेल न वाजवता, जुन्या सवयीनं हाक मारली, "कांता!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. कांता हात पुसत धावत आली. मालनकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. "आली का वाचा? बरं झालं. मला वाटलं आता गेलीस तू."

"कहाणी सांगूची हा. ऐकणारो कोण नाय."

"मी तुझ्या देवाला मानत नाय, ठाऊक आहे ना? त्या अक्षता-बिक्षता मी धरणार नाय."

"धरू नको. हुं म्हण."

"हुं म्हणायला काय, मला काय इंग्रजी लागतं?" कांता म्हणाली आणि दार सताड उघडं टाकून पाटावर बसली.

मालन सांगू लागली. आवाज मधूनमधून फाटत होता, एक-दोन ठिकाणी कहाणी विसरल्यासारखी झाली, पण कांताचा हुंकार पडला की पुढचं वाक्य सापडत होतं. अर्ध्यावर आली तेव्हा तिला दिसलं, पॅसेजमध्ये, दोन दारांच्या मधोमध ओवी उभी आहे. आत आली नाही. आपल्या तोंडावर आपलाच हात तिनं घट्ट दाबून धरला होता. आजी थांबली की ती मान हलवत होती, वेळेवर, आवाज न करता.

"पुढं?" कांता म्हणाली. "झोपलीस काय?"

मालननं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि पुढचं वाक्य उचललं.